जानेवारीत पट मोजू नका : प्राथमिक शिक्षण विभागाला एका नातीचे खुले पत्र

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद

विषय : वाडीवरची प्राथमिक शाळा बंद करून तेथील मुलांचे मोठ्या गावातील शाळेत समायोजन करण्याच्या निर्णयाचा फेरविचार करण्याबाबत.

महोदय,

माझी आजी फेब्रुवारीत गेली. ८१ वर्षांची होती. १९६४ साली व्हर्नाक्युलर फायनलच्या, म्हणजे तेव्हाच्या सातवीच्या परीक्षेच्या, जोरावर ती जिल्हा परिषदेच्या नोकरीत लागली, प्रशिक्षण पुढे नोकरीत असताना पूर्ण केलं आणि २००२ मध्ये ५८ व्या वर्षी निवृत्त झाली. या ३८ वर्षांपैकी शेवटची २३ वर्षं ती बालाघाटाच्या डोंगरातल्या एकाच वाडीवर, एकाच दोन खोल्यांच्या शाळेत होती. तिने तिथून बदली मागितली नाही, आणि तिच्या जागी यायला दुसऱ्या कुणी अर्जही केला नाही. निवृत्तीनंतरही ती वाडीवरच राहिली. दर जूनमध्ये फोनवर मला ती पहिला प्रश्न विचारायची, "यंदा पहिलीत किती आले माहीत आहे का?" आणि उत्तरही स्वतःच द्यायची.

दहाव्याला शाळेचे सर आले होते. जेवणं झाल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि आपल्या कार्यालयाचं पत्र दाखवलं. पट ११, पाहणीच्या दिवशी प्रत्यक्ष उपस्थिती ५, जवळच्या शाळेचं अंतर २.३ किलोमीटर, सबब पुढील शैक्षणिक वर्षापासून समायोजन. शाळेचं दप्तर, म्हणजे सगळ्या नोंदवह्या, केंद्रशाळेत जमा करावं. एवढाच मजकूर. मी तो तीनदा वाचला. आजीला हे पत्र वाचून दाखवायची वेळ आली नाही, याचं त्या क्षणी मला बरं वाटलं आणि नंतर त्या बरं वाटण्याचीच लाज वाटली. ती असती तर गप्प बसली नसती. म्हणून हे पत्र लिहिते आहे, आणि आपल्याप्रमाणेच इतरांनीही ते वाचावं म्हणून उघड लिहिते आहे.

माझं या शाळेशी नातं दुहेरी आहे. १९९२ ला मी तिथेच पहिलीत होते. घरी आजी, शाळेच्या उंबऱ्याच्या आत 'बाई'. एकदा वर्गात चुकून 'आजी' म्हणाले तर तिने ऐकू न आल्यासारखं केलं, आणि मी 'बाई' म्हणेपर्यंत माझ्या पाटीकडे पाहिलं नाही. त्या दिवशी रडले होते. संध्याकाळी चुलीपाशी तिने मला मांडीवर घेऊन सांगितलं, की वर्गातल्या ज्या पोरांची आजी तिथं नाही त्यांनी काय करायचं? त्या वर्षी माझ्या वर्गात १४ मुलं होती आणि त्यातल्या ९ जणांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते.

इथे मुद्द्याचं बोलते. आमच्या वाडीवरची जवळजवळ सगळी घरं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जातात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की मार्च-एप्रिलात परत येतात. मुलं न्यायची की ठेवायची हा प्रश्न दरवर्षी प्रत्येक घरात असतो. ठेवायची तर कुणाजवळ? आजीजवळ. दुसरं कुणी नसतंच. तेव्हा वाडीवर हंगामी वसतिगृह नव्हतं, कुठलीच सोय नव्हती. बाई सप्टेंबरपासून घरोघरी फिरायची आणि आईबापांशी नाही, म्हाताऱ्यांशी बोलायची. "पोरगी तुझ्यापाशी ठेव. दिवसभर मी बघते, रात्रीचं तेवढं तू बघ." एवढाच करार. ज्या म्हातारीला दिसायचं कमी तिच्या घरी संध्याकाळी मोठी मुलं पाणी भरून ठेवायची, आणि तो त्यांच्या अभ्यासाचाच भाग असायचा. हंडे मोजायचे, खेपा मोजायच्या, किती लिटर झालं ते दुसऱ्या दिवशी फळ्यावर मांडायचं. मुलींना शाळेत टिकवण्यासाठी सरकारने १९९२ मध्ये रोज १ रुपया उपस्थिती भत्ता सुरू केला. ज्यांना तो लागू नव्हता अशा दोन-तीन मुलींना ती आपल्या पगारातून रोजचा रुपया द्यायची, म्हणजे एकीला मिळाला आणि एकीला नाही असं वर्गात व्हायला नको.

ती शाळा अशी आज्यांच्या भरवशावर चालली. आजही तशीच चालते. फरक एवढाच, की आजच्या आज्यांपैकी सातजणी बाईंच्या हाताखाली शिकलेल्या आहेत. लग्नं लवकर झालेली, त्यामुळे पन्नाशीच्या आतबाहेरच आजी झालेल्या.

त्यातली एक दहाव्याला मला भेटली. तीस वर्षं कोयता चालवलेली बाई, आता पाठ गेल्यामुळे घरी असते, दोन नातवंडं सांभाळते. ती चौथीपर्यंत शिकली. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल, म्हणजे उचलीबद्दल, मला म्हणाली, "मुकादमाच्या वहीत मी अंगठा कधी दिला नाही. उचल किती घेतली, किती फिटली, माझ्या वहीत मी लिहायची आणि त्याच्या वहीशी ताडून बघायची. एका साली सात हजाराचा फरक निघाला." तो मुकादमाला मान्य करावा लागला. ती वही तिने जपून ठेवली आहे, मी पाहिली. आकडे बाईंच्या वळणाचे आहेत, पाचाचं पोट तसंच गोल. महोदय, चौथीपर्यंतच्या शाळेने काय होतं असं आपल्या बैठकीत कुणी विचारलं तर ती वही दाखवायला ही बाई यायला तयार आहे.

आता माझे आक्षेप.

पाहणी जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात झाली. ३ जानेवारीला शाळेत सावित्रीबाईंची जयंती झाली, मुलींनी भाषणं केली, आणि त्यानंतर आठ दिवसांत आपले अधिकारी आले. हंगाम ऐन भरात असतो तो हा काळ. पटावरच्या ११ पैकी ६ मुलं त्या दिवशी आईबापांसोबत उसाच्या फडावर होती. का होती? कारण त्यांना ठेवून घेणारं हंगामी वसतिगृह यंदा डिसेंबरच्या शेवटी सुरू झालं, आणि टोळ्या ऑक्टोबरात गेल्या. दोन महिने पोरांना खाऊ कोण घालणार, या विचाराने आईबापांनी मुलं बरोबर नेली. म्हणजे सोय उशिरा झाली म्हणून मुलं गेली, आणि मुलं गेली म्हणून शाळा नको, असा निष्कर्ष निघाला. संचमान्यतेसाठी, म्हणजे शाळेला किती शिक्षक द्यायचे हे ठरवण्यासाठी, ३० सप्टेंबरचा पट धरतात. मग शाळा ठेवायची की नाही हे ठरवताना जानेवारीतला एक दिवस कसा धरता येईल?

अंतराचं. २.३ किलोमीटर हे नकाशावरचं अंतर आहे. मी त्या वाटेने चालून आले. मधे ओढा आहे; त्यावर फरशी आहे, पूल नाही, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात त्यावरून गुडघाभर पाणी जातं. ओढा ओलांडल्यावर राज्य महामार्ग. हंगामात त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर एकामागे एक जातात. सहा वर्षांच्या मुलीने तिथून रोज दोनदा जायचं आहे, आणि घरी तिला सोडायला-आणायला जी आहे ती साठीची आजी. शिक्षण हक्क कायद्याखालच्या आपल्या राज्याच्या २०११ च्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं म्हटलं आहे. त्याच नियमांत २० मुलांची अटही आहे, हे मी लपवत नाही. पण ती वस्तीवर त्या वयाची मुलं किती उपलब्ध आहेत याबद्दलची अट आहे, एका सकाळी वर्गात किती बसली याबद्दलची नाही. आपल्या पाहणीत वाडीवर ६ ते ११ वयाची मुलं किती हे कुणी मोजलंच नाही. आम्ही मोजली. १९ आहेत. त्यातली ११ पटावर, ४ खासगी शाळेच्या जीपने तालुक्याला जातात, आणि ४ कुठेच जात नाहीत. या शेवटच्या चौघांसाठी आपल्या पत्रात एकही ओळ नाही. २० ला एक कमी आहे, हेही खरं. त्या एका आकड्यावर १९ मुलांचा निर्णय होऊ नये, एवढं आपल्याला विनवते.

सप्टेंबर २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करून होणाऱ्या समूह शाळांचे प्रस्ताव राज्यभरातून मागवले गेले, तेव्हा २० पेक्षा कमी पटाच्या १४ हजारांहून अधिक शाळा आणि त्यांत १ लाख ८५ हजार मुलं असल्याचं सांगण्यात आलं. पानशेत आणि तोरणमाळ ही नमुन्याची उदाहरणं दिली गेली. लहान शाळेत मुलाला बरोबरीचे सवंगडी कमी मिळतात, खेळाचा संघ होत नाही, एका शिक्षकाला सगळे वर्ग एकत्र बसवावे लागतात, या अडचणी मला मान्य आहेत. आजीलाही मान्य असत्या. तिने त्या २३ वर्षं सोसल्या. पण पानशेतला मुलांना आणायला बसची व्यवस्था झाली. आमच्या वाडीसाठीच्या पत्रात वाहनाचा शब्द नाही. गाडी येणार असेल, ओढ्यावर पूल होणार असेल, तर आम्ही बसून बोलायला तयार आहोत. आधी शाळा बंद, सोय पुढे बघू, या क्रमाला आमची हरकत आहे.

शिक्षकांचं थोडक्यात सांगते. कायद्याच्या अनुसूचीनुसार ६० पर्यंत पटाला दोन शिक्षक हवेत. आमच्याकडे तीन वर्षं एकच आहेत. ते चांगले आहेत, पोरांना त्यांचा लळा आहे. पण आठवड्यातले किती तास ते मोबाइलवर माहिती भरतात, फोटो चढवतात, तालुक्याला बैठकीला जातात, याचा हिशेब कुणी मागत नाही. ते बैठकीला गेले की शाळेला कुलूप. मग जीपवाल्या शाळेकडे चार मुलं का गेली, याचं कारण शोधायला लांब जायला नको. पालकांनी शाळा सोडली असं आपलं पत्र म्हणतं. पालक मला म्हणाले, "ताई, कुलूप बघून परत आलेलं पोर दुसऱ्या दिवशी जात नाही."

आणि दप्तर. या एका गोष्टीवर मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आजीचा जीव जर कशात असेल तर तो जनरल रजिस्टरात, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाच्या नोंदवहीत, होता.

पूर्वी दाखल करायला आणलेल्या मुलाची जन्मतारीख घरच्यांना सांगता यायची नाही. गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे, म्हणजे शाळा सुरू होताना वय नेमकं भरायचं. आपल्या खात्यातही दर ३१ मे ला एवढी माणसं एकदम निवृत्त होतात ती याचमुळे, हे आपल्याला माहीत आहे. आजीला हे पटत नसे. ती म्हणायची, माणसाची कागदावरची पहिली गोष्ट खोटी कशाला लिहायची? मग ती मुलाच्या आजीकडे जाऊन बसायची. आईकडे नाही, आईला बाळंतपणातलं धड आठवत नाही, पाणी तापवलेलं असतं आजीने. "पोळा झाला होता का? बाजरी खुडायला आली होती का घरात होती? अमावास्या मागं होती का पुढं?" १९७९ ला ती वाडीवर आली तेव्हा पहिलीतली बहुतेक मुलं १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेली. मग प्रश्न दुष्काळी कामांचे आणि तिथे वाटल्या जाणाऱ्या सुकडी या सुक्या पौष्टिक खाऊचे : "खडी फोडायच्या कामावर होतीस का नाल्याच्या? सुकडी मिळायला लागली होती का?" कामं कधी निघाली, कधी बदलली, हे तिला ठाऊक होतं, कारण तेव्हा ती दुसऱ्या गावी असताना तिने स्वतः सुकडी वाटली होती. जुनी पंचांगं ती टाकत नसे. ट्रंकेत वर्षवार लावलेली होती. तासभर गप्पा, मग पंचांग, मग तारीख. कधी दोन म्हाताऱ्यांचं एकमत व्हायचं नाही, मग तिसरीला बोलवायचं. ती तारीख रजिस्टरात जायची, शाईने, खाडाखोड न करता.

त्या २३ वर्षांच्या रजिस्टरात १ जून ही जन्मतारीख तीनच मुलांची आहे. मी मोजलं. त्यातला एक खरोखरच १ जूनचा होता, असं तिने शेऱ्याच्या रकान्यात लिहून ठेवलं आहे.

हे रजिस्टर कायम जपायचं दप्तर आहे, हे आपल्या विभागाला सांगायला नको. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा ठिकठिकाणच्या शाळांची जुनी प्रवेश रजिस्टरं बाहेर काढून पानन् पान तपासली गेली. जातपडताळणीला इतर मागासवर्गीयांकडून १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. आमची शाळा १९६३ ची, म्हणून वाडीवरच्या कित्येक घरांचा तो एकमेव कागद याच शाळेत आहे. आता तो केंद्रशाळेत 'जमा करावा' असा आदेश आहे. शेजारच्या एका बंद झालेल्या शाळेचं दप्तर असंच जमा झालं. मी पाहायला गेले होते. पोषण आहाराच्या तांदळाच्या खोलीत, पोत्यांच्या मागे, वाळवीने खालच्या दोन वह्या खाल्लेल्या. कुणा एकाचा दोष मी सांगत नाही, त्या मुख्याध्यापकांकडे कपाटच नाही. पण आमच्या वाडीचं रजिस्टर तिथे जाऊ द्यायला आम्ही तयार नाही.

आजीला पुरस्कार मिळाला नाही. त्यासाठी स्वतःच स्वतःचा प्रस्ताव भरायचा असतो आणि ते तिला जमलं नसतं. शाळेला तिचं नाव द्या, फोटो लावा, अशी आमची मागणी नाही. तिची आठवण आम्ही घरी ठेवू. आमच्या मागण्या शाळेबद्दलच्या आहेत, आणि त्या अशा :

१. येत्या शैक्षणिक वर्षापासूनचं समायोजन स्थगित करावं. पाहणी पुन्हा करावी, ती टोळ्या निघण्याआधी, आणि त्यात वाडीवरच्या ६ ते ११ वयाच्या प्रत्येक मुलाची घरोघर जाऊन नोंद घ्यावी, शाळेबाहेरच्या चौघांसह.

२. निर्णय घेण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचं म्हणणं लेखी घ्यावं. या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात. बैठक ते गावात असतील तेव्हा ठेवावी. हंगामात ठेवली तर सभेला कोण येणार? आणि त्या बैठकीला मुलं सांभाळणाऱ्या आज्यांना बोलवावं. त्या समितीच्या सदस्य नसतील, पण शाळेत मुलाला रोज त्याच पाठवतात.

३. हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याच्या दिवशी सुरू झालेलं असावं. निधी मागून आला तरी चालेल, तोपर्यंतचं धान्य आम्ही वाडीवर गोळा करू, तसं लेखी द्यायला तयार आहोत. परवानगी मात्र सप्टेंबरात हवी.

४. दुसऱ्या शिक्षकाची रिक्त जागा भरावी. कंत्राटी नेमणुकीने महिना-दोन महिने नव्हे, नियमित.

५. निर्णय काहीही झाला तरी शाळेचं जनरल रजिस्टर वाडीवरून हलवण्याआधी त्याचं पानन् पान स्कॅन करून एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी आणि मूळ दप्तर लोखंडी कपाटात ठेवावं. कपाटाचे पैसे आजीच्या शेवटच्या पेन्शनमधून आम्ही देत आहोत. ते आपण स्वीकारावेत.

या पत्राचं उत्तर ३१ मे पर्यंत लेखी मिळावं अशी विनंती आहे. आपण स्वतः यावं अशी त्याहून मोठी विनंती आहे. ओढ्यापर्यंत गाडी येते, पुढचा अर्धा किलोमीटर चालायला लागतं. आम्ही बरोबर चालू.

जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा पहिलीत तीन मुली दाखल व्हायच्या आहेत. त्यातल्या दोघी फडावर, पाचटाच्या कोपीत (झोपडीत) जन्मलेल्या, जन्माचे दाखले नाहीत. ती वहीवाली बाई आणि मी गेल्या आठवड्यात त्यांच्या आज्यांकडे जाऊन बसलो होतो. आजीची पंचांगं बरोबर नेली होती. तारखा निघाल्या आहेत. एक आश्विनातली आहे, एक संक्रांतीच्या दोन दिवस आधीची. सरांनी रजिस्टर उघडून ठेवलं आहे.

आपली विश्वासू,
बाईंची नात,
माजी विद्यार्थिनी, इयत्ता पहिली, १९९२